चार बोटं उघडा सांधा

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची राहती होडी जागेवर आहे, बुडालेली नाही. तुमचा पहिला प्रश्न तोच असणार. काल शिवणाचं दुकान लवकर बंद करून धक्क्यावर गेले. केबिन उघडली आणि नाकच दाबलं. खिडक्यांच्या सांध्यांतलं पांढरं सिलिकॉन बुरशीनं काळंकुट्ट झालंय. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा बजावलं, ही बुरशी जाईपर्यंत तुमची छाती होडीत एक रात्रही काढू शकणार नाही. दादा तर म्हणतो, एप्रिलच्या मध्यापर्यंत वाट बघू, नाहीतर विकून टाकू.

व्हिनेगर फवारून जुन्या टूथब्रशनं घासलं. उरलेल्यावर पुढच्या आठवड्यात ब्लीच ओतते. तिकडे दादाच्या घरी वहिनीला फार छळू नका.

तुमची लाडकी, तुमच्याच मते हट्टी,
शिंपीण

ता. ९ मार्च

चि. शिंपीणबाईंस अ. उ. आ.

ब्लीच ओतते म्हणे! व्हिनेगरवर ब्लीच पडलं की विषारी वायू उठतो. माझ्याआधी तुझीच छाती धरायची. शिवाय ते पाणी तळ्यात जाणार. माशांनी आपलं काय घोडं मारलंय? साध्या पाण्यानं धू, मग खाण्याचा सोडा कालवून लाव. हातमोजे घाल, खिडक्या उघड्या ठेव. दादाच्या फोनवरून हे सगळं सांगितलंच आहे, पण तुझे कान मला ठाऊक आहेत.

मी इथे मजेत आहे, म्हणजे कंटाळून गेलोय. तिसऱ्या मजल्यावर जमीन हलत नाही, त्यामुळे झोप लागत नाही. बावीस वर्षं पाण्यावर झोपलेल्या माणसानं करावं काय? सूनबाई गुणी आहे. पहिला चहा हसून देते, दुसरा मागितला की माझं वजन सांगते.

एक ऐक. नुसतं पुस. सुरी लावू नकोस. सांध्यांतलं ते सिलिकॉनचं भरण चांगलं आहे.

माया आहेच, पत्रातून थोडी ओरडते इतकंच.
बाबा

ता. १८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सोड्यानं सांधे दुधासारखे पांढरे झाले आणि चौथ्या दिवशी पुन्हा काळे! मग शिवण उसवायच्या उसवणीनं एक कड जरा उचलून पाहिली. बाबा, वरच्या भरणाखाली आणखी एक जुनं भरण आहे आणि दोन्हींच्या मध्ये ओल. ओल्या कापडावर ठिगळ मारलंय कुणी तरी! आधी जुनं खरवडा, मग वाळवा, मग भरा, हे आख्ख्या धक्क्याला ओरडून सांगणारे तुम्ही. तुमच्या होडीत हे कुणी केलं? आणि सुरी का नको?

पुसून हे जाणार नाही. तुम्हाला परत यायचंय की नाही? मला तुम्ही इथे हवे आहात. खरं काय ते लिहा.

रागावलेली, पण तुमचीच,
शिंपीण

ता. २३ मार्च

चि. तायडीस अ. उ. आ.

तो कुणी तरी मीच. तुझ्या आईचं शेवटचं आजारपण. दवाखान्यातून दोन दिवस घरी सोडलं होतं आणि तिला होडीवरच यायचं होतं. खिडकी गळत होती. खरवडून वाळवायला आठवडा लागला असता, तो आमच्याकडे नव्हता. जुन्या ओल्यावरच भरलं. ती उशीला टेकून बघत होती. म्हणाली, हात थरथरतोय तुमचा, सरका. साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून डाव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तिनं चार बोटं सांधा दाबला, दमली आणि झोपली. अंगठ्याच्या रेघा अजून दिसतात. रोज चहा पिताना मी तिथे हात लावायचो.

पण त्याच सांध्यापायी मी खोकत बसलेला पाहून तिनं काय काय ऐकवलं असतं, ते तुला ठाऊक आहे. काप. तो कोपराही काप. डोळे पुसून, विचार करून लिहितोय. नीट वाळू दे. घाई मी एकदा केली, तेवढी पुरे.

आशीर्वाद नेहमीचेच, आज जरा जास्त.
बाबा

ता. १० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सगळं कापलं. तो कोपरा शेवटी घेतला. अखंड निघेल म्हणून उसवणीनं संध्याकाळभर हलक्या हातानं सोडवत बसले, पण आतून पार सडला होता. तीन तुकडे झाले. मी तिथेच बसून खूप रडले. मग लाकूड पुसलं, आठवडाभर वाळवलं आणि नवं भरलं. कालपर्यंत एकही काळा ठिपका नाही. डॉक्टरीणबाई स्वतः केबिनमध्ये येऊन वास घेऊन गेल्या. रोज सकाळी खिडक्या उघडायच्या, या अटीवर परवानगी आहे. दादा शनिवारी तुम्हाला घेऊन येतोय. विकायचं नाव पुन्हा काढणार नाही म्हणाला.

डाव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला तो चार बोटं सांधा मात्र मी भरलेला नाही. पाणी शिरू नये म्हणून बाहेरून पट्टी चिकटवली आहे. साबणाचं पाणी करून ठेवते, अंगठा तुमचा. हात थरथरला, तर सरका म्हणायला मी आहे.

वाट पाहणारी,
शिंपीण