टायरातलं पाणी

ता. २ जून

ती. ताईस,
सा. न. रागात आहे, तरी वाकूनच.

पुन्हा तेच लिहिलंस! "घर सोडून गेलास तो बेडकं पाळायला का?" तीन पत्रं झाली, तुझं गाडं तिथंच अडलंय. ताई, माझी पाळी सुटते सहाला. जुन्या टायरांवर नवं रबर चढवणारे बाकीचे सगळे सहा वाजून पाच मिनिटांनी आपापल्या घरी. मागच्या पत्र्याच्या खोलीत उरतो मी, रबराचा वास, आणि खोक्यातली ही दोघं. सुट्टीच्या दिवशी तर कधी कधी माझाच आवाज ऐकून मी दचकतो.

टायरांचा ढीग हलवताना ती सापडली. खरबरीत पाठीची, जमिनीवर राहणारी जात. मिस्त्री म्हणाले, फेकून दे, चामखीळ होईल. नाही झाली. मादी मोठी, गाल फुगवून बसते, म्हणून ती मुकादमीण. नर तिच्या निम्मा, तो हेल्पर. हलत नाही ते त्यांना अन्नच वाटत नाही. मेलेलं झुरळ समोर असलं तरी उपाशी बसतील. मग मी ते दोऱ्याला बांधून नाचवतो. हस खुशाल.

खरी बातमी पुढे. हेल्पर दोन दिवस मुकादमिणीच्या पाठुंगळी बसून होता आणि काल घमेल्यात काळे मणी ओवल्यासारखी दोरी! अंडी, ताई. हातभर लांब. एक तुकडा कापलेल्या टायरातल्या जुन्या पाण्यात टाकलाय, बाकी घमेल्यात. मी रात्री चार वेळा उठून बघितलं.

हे अण्णांना वाचून दाखवू नकोस. दोन वर्षांत त्यांनी माझं नाव काढलं नाही, आता बेडकांवरून नको.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास की उपदेशही वाढतो.
बारक्या


ता. ९ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातले दोन तुझ्या मुकादमिणीला.

वाचून दाखवू नकोस म्हणालास, म्हणून दाखवलं नाही. दारात बसून मोठ्याने वाचलं एवढंच. अण्णा आत पाठ करून पेपर धरून होते. पान काही उलटत नव्हतं. दोऱ्याला बांधलेल्या झुरळापाशी आले तेव्हा पेपर थोडा हलला, हसले असावेत.

मग भिंतीला विचारावं तसं विचारलं, तो पाणी कुठलं घालतो? मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुम्हीच लिहा. तर उठून गेले. रिटायर झाल्यापासून असंच. पाण्याच्या टाकीवर कामाला जायची वेळ झाली की चपला घालतात, फाटकापर्यंत जातात, परत येतात. जेवायला मी त्यांच्याकडे असले तर दोन घास जास्त, नाही तर डबा तसाच.

तू मात्र रात्री झोपत जा. अंडी तू उबवायची नाहीत.

आठवण ठेव, पत्रापुरती नको.
ताई


ता. १५ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र काल आलं. अण्णांचा प्रश्न उशिरा पोचला.

सातव्या दिवशी घमेल्यात काळीभोर पिल्लं वळवळत होती. शेकड्यांनी. पाणी गढूळ दिसलं म्हणून सकाळी कामावर जाताना सगळं ओतलं आणि नळाचं ताजं, स्वच्छ पाणी भरलं. सहाला आलो तर सगळी पोटं वर करून तरंगत होती. पांढरी. मी त्यांना स्वच्छ करायला गेलो होतो, ताई.

पाण्याच्या टाकीवरच्या माणसाचा मुलगा मी. मला कळायला नको? मिस्त्रींना सांगितलं, तर ते म्हणाले, बेडकंच ती, आणखी होतील. कुणाला सांगावं असं इथं कुणी नाही.

टायरातल्या तुकड्यातली मात्र जगली आहेत. चाळीसेक. पण ऊन आहे आणि ते पाणी रोज बोटभर आटतंय. भर घालायला हात धजत नाही. वाटलं तर विचार त्यांना. माझं नाव न घेता.

लवकर लिही.
बारक्या


ता. २० जून

चि. बारक्यास आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. नळाच्या पाण्यात औषध असतं. छत्तीस वर्षं ते मीच टाकलं. माणसाला ते वाचवतं, बारीक जिवाला मारतं. पाणी पसरट भांड्यात दोन दिवस उन्हात उघडं ठेव, अधूनमधून ढवळ. तुझी आई कुंड्यांसाठी बादली उघडी ठेवायची ती उगाच नाही. सगळं एकदम बदलू नको. वाटी काढ, वाटी घाल. पाला उकडून दे, थोडाच.

पाय फुटले की एक फळी तिरपी लाव, अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. शेपटी गळायच्या दिवसांत त्यांना पाण्यात राहवत नाही, आणि बाहेर यायला वाट नसली तर बुडतात. टाकीच्या कडेला दर वर्षी ओंजळ ओंजळ निघायची. म्हणून मी फळी लावायचो. साहेबाने दोनदा काढायला लावली. मी तिसऱ्यांदा लावली.

किती उरली कळव.
अण्णा


ता. १९ जुलै

ती. अण्णांस,
सा. न. मायना दोन वर्षांनी लिहितोय, हात बसलेला नाही, सांभाळून घ्या.

एकतीस उरली. वाटी काढ, वाटी घाल, रोज तेच. ती फळी मी लहानपणी घसरगुंडी समजून वापरली होती आणि तुम्ही कान पिळला होता. तो कान मला आता कळला.

निघताना मी तुम्हाला म्हणालो होतो, जन्मभर पाण्याकडे बघत बसायला मी काही तुमच्यासारखा नाही. अण्णा, महिनाभर मी दुसरं काही केलेलं नाही. सहाला सुटतो आणि टायरापाशी बसतो. परवा पहिलं फळीवर चढलं. नखाएवढं, मागे शेपटीचा ठिपका. तिथंच बसून राहिलं, जणू हजेरी लावायला आलंय. मी ओरडलो, पण ऐकायला हेल्परच होता.

एवढ्यांची पोटं खोलीत भरणार नाहीत. कारखान्यामागे ओढा आहे, कडेला ओल आणि सावली आहे. तिथं सोडायची ठरवलीत, मुकादमीण आणि हेल्परसुद्धा. पण सगळ्यांची शेपटी जायला अजून दहा-बारा दिवस आहेत, आणि सोडताना मला एकट्याने जायचं नाही. जागा बरोबर आहे का ते तुम्ही बघा. फाटकापर्यंत रोज चपला घालून येताच की, आता थोडं पुढे या.

खाट एकच आहे, ती तुमची. मी खाली झोपेन.

ताईला सांगा, उपदेश चालेल.

यायचं भाडं मनीऑर्डरने पाठवलंय. जायचं मुद्दाम धरलेलं नाही. नऊशे चाळीस.

बारक्या