भिंतीपाशी हजेरी

१७ फेब्रुवारी १९५९, मारेगाव
सरकी काढायच्या जिनमधल्या, आता माझ्या देखरेखीखालच्या बायांकडून आगीची तालीम करून घेतली. लांब भोंगा झाला की कापूस टाकून पूर्वेच्या भिंतीशी रांग. हजेरी होईपर्यंत हलायचं नाही. जन्मभर शाळेत पोरींना लावली ती शिस्त, ह्यांना का जमू नये? अनसूया पटांगणापलीकडे निंबाला टांगलेल्या झोळीकडे पळाली. दंड धरून परत आणली.
"बाई, लेकरू रडून राह्यलं."
"रडू दे. आग थांबते का त्याच्यासाठी?"
"शाळा सुटली तरी मास्तरीण सुटली नाई व माय," मागून कोणीतरी. सगळ्या हसल्या.

३ मार्च
दुपारी वादळ, गारा. पत्रे उडाले, विजेची तार तुटून कापसाच्या ढिगावर. पेटला. भोंगा दिला. रांग अगदी सरळ. गारांच्या माऱ्यात नावं ऐकू येईनात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून हजेरी. अनसूया निंबाकडे निघाली. ओढली तिला. मग भिंत
जळालं कोणी नाही.

४ मार्च
बाकीच्यांना खरचटलं. अनसूयाचा पाय भिंतीखाली चेंगरला. यवतमाळच्या दवाखान्यात आहे. लेकरू झोळीत ओलंचिंब, पण धड. निंबाची साधी फांदीही पडलेली नाही. जाऊन पाहिलं.
तालीम घेतली ती लख्ख उन्हात. वाऱ्याचा विचारच नाही.

९ मार्च
जिनचे शेठजी खूष. "बाई, तुमच्या शिस्तीनं माणसं वाचली. केळापूरच्या जिनवाल्यांनाही हेच लिहून द्या." भिंत पडल्याचा विषय काढला, तर म्हणाले, "वादळाला कोण काय करणार?"
लिहायला बसले. रांग मोकळ्यावर, भिंतीपासून लांब. झोळ्या आधी, हजेरी मागून. का, ते लिहायचं तर अनसूयाचं नाव येतं. आणि माझं.

१४ मार्च, यवतमाळ
पाय कापला. गुडघ्याखाली.
अनसूयाची सासू माझ्या पाया पडायला वाकली. "तुमी ओढली म्हून जीव वाचला जी. थ्या झाडाखाली मेली असती." झाड पडलं असं त्यांना कोणी सांगितलं, कळत नाही. मी नाही. पण खोडूनही काढलं नाही.
मग अनसूया म्हणाली, "बाई, तुमी तं खोटं बोलत नाई. थो निंब खरंच पडला का जी?"
तेवढ्यात नर्सने भेटीची वेळ संपली म्हणून उठवलं. उठले. लगेच उठले.
"उद्या येते," एवढंच म्हटलं.
धर्मशाळेत आहे. दवाखान्यातली सकाळची भेटीची वेळ आणि मारेगावची पहिली मोटार, दोन्ही एकदमच.