हळू बुडणारी माशी

९ मार्च
आज रोमनचा माश्या बांधायचा डबा उघडला. तळ्यावर अजून बर्फ आहे. माश्या म्हणजे गळावर पीस नि दोरा गुंडाळून केलेले खोटे किडे. लग्न झाल्यापासून तो बांधत आला आणि मी शेजारी बसून स्वेटर विणत आले — कधी वाकून बघितलंसुद्धा नाही. आता त्याची नजर गेली. कडेकडेचं थोडं दिसतं, समोरचं नाही. सगळा हिवाळा खुर्चीत बसून रेडिओ. मेच्या अखेरीला ब्लूगिल मासे काठाशी घरटी करायला येतात. त्याआधी या माणसाला खुर्चीतून उठवून नावेत बसवायचं, नाहीतर तो खुर्चीतच संपेल. मला भीती वाटते.

म्हटलं, "यंदा माश्या मी बांधते."

म्हणाला, "आधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून दाखव."

उघडलं. काकड्या संपवल्या, बरणी धुतली, पाण्याने भरली. आता तीच माझं तळं.

११ मार्च
पहिली माशी. बुडतच नाही! बदकासारखी तरंगतेय.

१६ मार्च
आत तांब्याची तार गुंडाळून पाहिली. सोडली तर थेट तळाला. रोमन आवाजावरूनच हसला — काचेवर टक्कन वाजली ना. म्हणे ब्लूगिलला धपकन पडलेलं काही नको असतं, अलगद उतरणारं हवं. अलगद म्हणजे किती? "अख्खी नमो मरिया म्हणून होईतो तळाला टेकता कामा नये. फादरना सांगू नकोस."

म्हणजे मी आता सिंकपाशी उभी राहून लोणच्याच्या बरणीपुढे प्रार्थना म्हणते.

२ एप्रिल
नायलॉनच्या धाग्यात हवा अडकते, म्हणून ती माशी तरंगते. लोकर पाणी पिते, म्हणून बुडते, पण हळूहळू. हे मला ठाऊक असायला हवं होतं, आयुष्यभर लोकरीचे स्वेटर धुतलेत. मग लोकर किती? सैल गुंडाळली तर एक, घट्ट तर दुसरंच. पीस पुढे बांधलं की नाक वर करून उतरते, मागे बांधलं की डोकं खाली. जेवण करायचं राहिलं. रात्री ब्रेड नि चीज खाल्लं.

तो माशी खालच्या ओठावर फिरवून तपासतो. बोटांना घट्टे पडलेत, ओठाला नाहीत.

"घाईची आहे," म्हणाला. म्हणजे लवकर बुडणारी.

२१ एप्रिल
बर्फ गेला. आजच्या माशीला अख्खी नमो मरिया लागली. पुन्हा सोडली, पुन्हा तेवढीच. धावत नेऊन त्याच्या हातात दिली.

"घाईची."

"अरे, बरणीत बघ तरी!" बोलून गेले. असली जीभ जळो माझी.

९ मे
घाईची.

१७ मे
घाईची. शेजारचा मायलो हाका मारून गेला, "रोमन, चल माझ्याबरोबर." तर हा म्हणे, माशी चांगली जमली की येईन. सगळं माझ्या बोटांवर ढकलून मोकळा.

३० मे
ब्लूगिल आले! धक्क्यावरून दिसतात — वाळूत ताटाएवढे खळगे, प्रत्येकावर एकेक नर पहाऱ्याला. मी गवताची काडी टाकली तर रागाने तोंडात धरून बाहेर नेऊन टाकली त्याने. मला वाटायचं भूक लागते म्हणून गळाला लागतात. यांना तर घर झाडायचंय! तासभर तिथेच बसले होते.

नापास माश्या मायलोला देऊन टाकल्या. आपल्याच्याने हे व्हायचं नाही.

२ जून
मायलो बादली घेऊन दारात. बादली भरलेली.

"वहिनी, कुणी बांधल्या या? रोमनच्यासुद्धा एवढ्या सरस नसायच्या."

म्हणजे चांगल्या होत्या. एप्रिलपासून चांगल्या होत्या! मग हा घाईची-घाईची कशाला म्हणत बसला?

मायलो डोळे चोळत होता. म्हणाला, "एवढी हळू माशी असली की हाताला काही कळत नाही हो. ढिल्या दोरीकडे टक लावून बसायचं. पाण्यात शिरते तिथे जरा थबकली की मासा लागला, उचलायची गळाची काठी. डोळ्यांची पार वाट लागली."

मी पायरीवरच बसले. जितकी हळू माशी, तितकी नजर जास्त. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. आणि मी वसंतभर खपून नेमकी तीच वस्तू केली जी आंधळ्याच्या काही कामाची नाही. त्याला ते तोंडाने म्हणवेना, म्हणून माशीला नावं ठेवली. खूप रडू आलं. मासे साफ करता करता रडून घेतलं.

३ जून
सरळ विचारलं. बराच वेळ रेडिओचं बटण फिरवत राहिला. मग म्हणाला, "दोरी दिसत नाही, लव्हर्न." बस, एवढंच.

म्हटलं, जड माशी बांधते. दोरी ताठ राहील, हाताला ओढ कळेल.

"जड माशीला पिल्लंच लागतात."

"मग मी नावेत बसते. दोरी थबकली की 'आता' म्हणते."

"तुझं 'आता' येईतो मासा माशी थुंकून घरी जाऊन जेवलेला असेल."

पण झोपताना त्याने विचारलं — माझी टोपी कुठे ठेवलीस?

४ जून
नावेत. मी दोरीवरून नजर हलवली नाही. तीन वेळा 'आता' म्हटलं, तिन्ही वेळा उशीर. चौथ्यांदा दोरी थबकली, मी तोंड उघडायच्या आत त्याने काठी उचलली होती. तळव्याहून मोठा ब्लूगिल!

"तुला कसं कळलं?"

"तुझा श्वास थांबला."