लाल टोकाचं टंगस्टन

प्रिय खटपटे,

परवा तुझा फोन आला आणि तुझी आई गुडघे विसरून घरभर नाचली. नऊ वर्षं त्या बंद खाणीच्या तळाशी पाण्याच्या टाकीला डोळे लावून बसलीस, आणि आता सगळ्या वर्षांच्या नोंदी एकत्र मांडून म्हणतेस, टाकीच्या तळाकडून जादा चमका येताहेत. कृष्णद्रव्य कुणाला दिसत नाही. पण ते पृथ्वीच्या पोटात साठून एकमेकांवर आदळलं, तर न्यूट्रिनो नावाचे बारीक कण सुटून वर येतील आणि एखादा पाण्यात चमकून जाईल, हे तू मला ताटात वाटाणे मांडून समजावलं होतंस. मी सातवी पास वेल्डर, पण तेवढं डोक्यात पक्कं बसलं.

सोमवारी पैसे देणाऱ्या समितीपुढे या चमका मांडल्यास तर टाकी वाचेल, नाहीतर टाळं. समितीतला तो टायवाला साहेब म्हणतो ना, नऊ वर्षांत मिळाला काय, भोपळा? त्याला सांग, असा भोपळा मिळवायला छाती लागते. इथे शोधलं, इथे नाही, हे ठणकावून सांगणं म्हणजे रिकाम्या हातांनी परतणं नव्हे. मान खाली घालायची नाही, कळलं?

आता जरा बस, पाणी पी. मी टाकी जोडत होतो तेव्हा तुझा नियम होता: लाल टोकाचं टंगस्टन, म्हणजे वेल्डिंगची ती लाल टोकाची कांडी, आत आणायचं नाही. त्यात थोरियम असतं, आणि त्याची किरणं तुझ्या टाकीला लगेच कळतात. तो कागद मीच भिंतीला चिकटवला होता. तळाचा पूर्वेकडचा शेवटचा सांधा राहिला आणि चांगली टंगस्टनं संपली. नवी यायला आठवडा, आणि लेकीची टाकी तर वेळेत भरायची. खिशात एक लाल टोकाचं होतं. एका सांध्यानं काय होतंय, म्हटलं, आणि त्यानंच जोडून टाकला.

चमका त्याच कोपऱ्यातून येताहेत का, बघ. येत असतील तर तो पृथ्वीच्या पोटातला निरोप नाही, तुझ्या बापाची घाई आहे. तुझ्या तोंडचा घास काढतोय, ठाऊक आहे मला. पण खोट्या चमकेवर वाचलेल्या टाकीपाशी तुला दोन दिवससुद्धा बसवणार नाही. म्हणून सोमवारी मीही येतोय. सांगेन, सांधा माझा, चूक माझी. पाणी उपसा, तो मीच कापून नव्यानं जोडतो, मग हिला खुशाल आणखी नऊ वर्षं शोधू द्या. वेल्डरला इथे कुणी बोलावलं, असं साहेबानं विचारलंच, तर मीही विचारेन, ही टाकी जोडली कुणी?

तुझाच,
अजून हात न थरथरणारा बाबा