वालाच्या वाफ्यातली पाणीबचत

१६ नोव्हेंबर, रविवार
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: दुकानाचं शटर. घरातले सगळे स्विचबोर्ड. मोटर वाइंडिंगचं मशीन (असं बाजारात मिळत नाही). मुलगी सुरभी हिचं अभ्यासाचं टेबल, घडीचं. गणपतीचं फिरतं मखर. दीड दिवसापैकी एक दिवस फिरलं. टाकीचा ऑटो स्टार्टर. यातलं काहीही कुणी शिकवलेलं नाही. आयटीआयची पायरी चढलो नाही. तरी पेणमध्ये मोटर जळली की भलेभले इंजिनिअर माझ्याच काउंटरला उभे असतात. मी त्यांना हसत नाही.

आता यात भर घालणार. काल मोबाइलवर पाणीबचतीचा व्हिडिओ पाहिला. आज सुरभी अंघोळीला गेली तेव्हा मागच्या गटाराशी उभं राहून खात्री केली. सगळं पाणी वाया. शरम वाटली. हे पाणी पाइपने परसातल्या वाफ्यात न्यायचं. वाफ्यात बायकोने, मैनाने, परवाच कडवे वाल पेरलेत.
योजनेचं नाव: प्रविण पुनर्जल.

१८ नोव्हेंबर
घरातून विरोध. मैना म्हणाली, वालाला पाणी लागत नाय. जमिनीतली ओल नि पहाटेचं दव, बास. भात कापल्यावर शेतात वाल येतो तो काय नळ लावून येतो? तिच्या माहेरी, खांबला, अशीच समजूत आहे. ऐकून घेतलं. पाणी लागत नाही असा सजीव विज्ञानाला ठाऊक नाही.

तिचं दुसरं म्हणणं: हे बी तिच्या आईच्या हातचं. आई गेली. भावाचा, म्हणजे हैबतरावांचा, वालाचा तुकडा हायवेच्या रुंदीकरणात गेला. आता हे बी दुसरीकडं कुठंच नाय, इथंच काय ते हाय, तवा प्रयोग दुसऱ्या कशावर करा.
म्हटलं, म्हणूनच तर. दुर्मिळ बियाण्याला उत्तम तंत्र.

३० नोव्हेंबर, रविवार
योजना चालू. मोरीपासून वाफ्यापर्यंत पाइप, मध्ये गाळणी, शेवटी जुना वॉटर मीटर. सांधे स्वतः केले. एकही गळत नाही.
हिशेब सोपा: मीटरमधून जेवढं पाणी वाफ्यात गेलं, तेवढी बचत.

४ डिसेंबर
आकडा वाढत नाही. कारण सापडलं. मैना अर्ध्या बादलीत अंघोळ करते. लग्नापासूनची सवय. शिवाय तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं जास्वंदीला, भांड्यांचं शेवटचं पाणी ओट्याला. म्हणजे इतकी वर्षं घरातलं पाणी मीटरला बगल देऊन जातंय आणि मला पत्ता नाही.
समज दिली. यापुढे प्रत्येक थेंब मोरीतून.
तिने विचारलं, बादली भरभरून अंघोळ केली की पाणी वाचतं व्हय?
हो म्हटलं. ती पाठ फिरवून बराच वेळ भाकऱ्या थापत होती. खांदे हलत होते.

९ डिसेंबर
स्वतःपासून सुरुवात. सकाळ-संध्याकाळ अंघोळ, दोन दोन बादल्या. मीटर पळायला लागला.

१२ डिसेंबर
सर्दी. तरी केली.

१५ डिसेंबर
सुरभीचा आक्षेप. पप्पा, टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, बोअरची मोटर थांबतच नाही, आपण आधीपेक्षा जास्त पाणी वापरतोय. तिला सांगितलं की जास्त वापरल्याशिवाय जास्त वाचणार कुठून? ही भांडवली गुंतवणूक आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून हे कळू नये.

१७ डिसेंबर
बोअरची मोटर जळली. स्वतः वाइंड केली. बाहेर दिली असती तर खर्च आला असता. तीही बचतच.

२८ डिसेंबर, रविवार
वाल कमरेला लागला. पान तळहाताएवढं. मैनाच्या आईने असा वाल जन्मात पाहिला नसेल. हैबतरावांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. दाजी, पाला जबरी हाय. फूल कुठं हाय? शेतकरी माणूस, घाई फार.
शेजारचे मुसाभाई कुंपणावरून बघत होते. त्यांच्या बकऱ्याही. मुसाभाई म्हणाले, प्रविणभाय, शेंगा आल्या तर सांगा, नाय आल्या तर आधी सांगा. चेष्टा समजून सोडून दिलं. बकऱ्या मात्र मनापासून बघत होत्या.

कुंपणालगतच्या शेवटच्या ओळीपर्यंत पाइप पोचत नाही. ती ओळ खुरटलीय, पानं बारकी. फुलांनी मात्र भरलीय. निष्कर्ष: तहानेने भेदरून फुलं काढलीत. वाईट वाटलं. टप्पा दोनमध्ये पाइप वाढवणार.

६ जानेवारी
मुख्य वाफ्यात मावा. मैनाने एक वेल उपटून नाकासमोर धरला. मूळ काळं, बुळबुळीत. बघा, म्हणाली. वास घेतला. चंदनाच्या साबणाचा येत होता. म्हणजे गाळणीत सुधारणा हवी, तत्त्वात चूक नाही.

१८ जानेवारी, रविवार
हैबतराव मंडळी एक तारखेला पोपटीला, मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला, येणार. दरवर्षी पोपटी आमच्याच परसात, आमच्याच वालाची. म्हणून पाहणी केली. मुख्य वाफ्यात शेंगा: हाताच्या बोटांवर मावतील. शेवटच्या ओळीत: लगडलेल्या.
मैनाने तिथेच बजावलं. या ओळीला हात लावायचा नाय. हे खायाचं नाय, हे बी हाय. वेलावर सुकू दे.
अडाणीपणा. तहानलेल्या ओळीत एवढ्या शेंगा, तर पाणी मिळाल्यावर किती? याचा विचार करायला मात्र घरात मी एकटा.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन करून आलो. टप्पा दोनला आजच्याइतका चांगला दिवस नाही. रबरी पाइप जोडून शेवटच्या ओळीपर्यंत नेला. सुरभीला मोरीत चार बादल्या ओतायला सांगून मी व्हॉल्व्हशी उभा.
व्हॉल्व्ह उघडला. पाणी येईना. बघतो तर मैना पाइपवर पाय देऊन उभी.
म्हटलं, पाय काढ.
बी सुकल्याबिगर नाय.
म्हटलं, लोक बघतायत. (मुसाभाई बघत होते.)
बघू दे. आईचं बी हाय. तुमच्या बादल्यांत बुडवायला नाय दिलं मला.
तेवढ्यात आतून सुरभी ओरडली की मोरी तुंबली, पाणी स्वयंपाकघरात शिरलं. मुसाभाई म्हणाले, प्रविणभाय, बंद करा, वैनी हलायच्या नाय.
टप्पा दोन स्थगित. कारण तांत्रिक: पाइपवर अनपेक्षित दाब.

२७ ते ३१ जानेवारी
मैनाने ओळीशेजारी पाट मांडलाय. भाजी तिथेच निवडते, तांदूळ तिथेच पाखडते. जेवायला बोलावलं की सुरभीला तिथे बसवून आत येते. मी काही पाण्याचा पाइप घेऊन जाणार होतो असं नाही. एकदाच गेलो होतो. सुरभीने पाय पुढे केला.

१ फेब्रुवारी, रविवार
पोपटी झाली. वालाच्या शेंगा हैबतरावांनी रोह्याच्या बाजारातून आणल्या, गोणी भरून. गोणी माझ्या वाफ्यासमोरून नेताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी हे नोंदवून ठेवतो.
मडक्याला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं, भोवती जाळ. मी फक्त एवढं सुचवलं की आत पेलाभर पाणी घातलं तर वाफ चांगली धरेल. सगळे हसले. हैबतरावांची लहान सून तर उठून बाजूला गेली. हैबतराव म्हणाले, दाजी, पोपटीत पाणी घालणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच, नि तो आमच्या नशिबी. मैनाही हसली. बऱ्याच दिवसांनी.
शेंगा चांगल्या होत्या. कबूल करतो.

जेवणं झाल्यावर मैनाने शेवटच्या ओळीतल्या सुकलेल्या शेंगा तोडल्या, ओंजळ ओंजळ करून फडक्यात बांधल्या. हैबतरावांच्या घरामागे थोडी जागा शिल्लक आहे. बी यापुढे तिथे पेरणार. आणि बियाण्याबरोबर तीही चालली.
विचारलं, कधी येणार?
हा पाइप निघाला का फोन करा, म्हणाली. नाय निघाला तर पुढल्या पेरणीला बघू.
सुरभी म्हणाली, मीपण आठ दिवस मामाकडे.

२ फेब्रुवारी, सोमवार
घर शांत. एका माणसाच्या अंघोळीवर मीटर सरकत नाही. मुख्य वाफा पिवळा पडला. मुसाभाईंनी विचारून पाला कापून नेला.

कालची एक गोष्ट लिहायची राहिली. निघताना हैबतरावांनी मला बाजूला घेतलं. दाजी, म्हणाले, ही सगळी नळकांडी आत्ता माझ्या टेम्पोत टाकतो. काढायला पोरं हायत. वर तुम्हालाच रोख देतो, नि मैनाला बुधवारी आणून सोडतो. मैना टेम्पोत बसली होती, मांडीवर फडकं. आमच्याकडेच बघत होती.
योजनेला बाहेरून आलेला हा पहिला प्रस्ताव. तंत्रज्ञान इतक्या स्वस्तात द्यायचं नाही हे माझं धोरण आहे. तिच्यासमोर, ठामपणे, नाकारला.
रक्कम: पाचशे रुपये.