यंदा कढई चढवायची नव्हती

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ भांडले, पण लिहून कधी काही सांगितलं नाही. आज सकाळपासून माझ्या घरात नुसत्या येरझारा चालल्या आहेत. चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा गार होऊ दिला. तुझे जावई आत पडून आहेत. सप्टेंबरात पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामावरच उभ्या उभ्या कोसळले. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कापडाच्या रंगात किंचित फरक पडला तरी नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस आता पाणी हवं की चादर हवी, तेसुद्धा सांगू शकत नाही. ते डाव्या हातानं काहीतरी दाखवतात, मी धावत जाऊन आणते, आणि चुकलं की ते डोळे मिटून घेतात. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

डिसेंबर लागला तसं मी ठरवलं, यंदा नाताळ करायचा नाही. लेक बारडोलीला सासरी असते, तिला फोनवर सांगितलं. आपल्या चर्चच्या मंडळीतले लोक नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायला जातात, त्यांनाही कळवून टाकलं की आमच्याकडे येऊ नका, यांना गोंगाट सोसत नाही. ते खरं नव्हतं. सोसत मला नव्हतं. खाली गल्लीत उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांचे स्टॉल लागले होते, दोन खांबांमध्ये ताणून मांज्याला गुलाबी रंग देणं चाललं होतं, आणि मला त्या रंगाचासुद्धा राग येत होता.

तेव्हाच मला तो नोव्हेंबर आठवायला लागला. बाबा काविळीनं गेले तेव्हा मी चौदा वर्षांची. जेमतेम महिना झालेला आणि नाताळ आला. आपली सगळी चाळ खानदेशातली. दुःखाच्या घरी पहिल्या सणाला कढई चढत नाही, शेजारीपाजारीच काहीबाही करून आणून देतात. तशी त्यांनी ताटं आणली. तू ती हात जोडून घेतलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठते तर तू स्टोव्हसमोर बसली आहेस, कढईत करंज्या तळते आहेस, आणि दारात कागदी चांदणी लावलेली आहे. वास सगळ्या चाळीत गेलेला. बायका दारात येऊन बघतात आणि आत जातात. मला वाटलं, जमीन फाटावी. मी तुला म्हटलं, "बाबा मेल्याचं तुला काहीच नाही का?" तू झारा खाली ठेवलास. मला वाटलं, आता मारशील. पण तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "दुःख आपलं आहे. नाताळ आपला नाही. तो माझ्या हातात असता तर मीसुद्धा बंद केला असता."

मला ते बोलणं कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं. उपासनेत तू पहिल्या रांगेत बसलीस आणि मी बाहेर चपलांपाशी बसून राहिले. दुपारी तू मला तुझ्याबरोबर प्रसूतिगृहात घेऊन गेलीस, तिथे तू आया होतीस आणि सणालाही तुझी पाळी चुकत नसे. करंज्यांचा डबा तू खाटेखाटेवर फिरवलास. आदल्या दिवशीच बाळंत झालेल्या एका बाईनं विचारलं, मावशी, घरी सगळे कसे आहेत? तिच्या बाळाचं डोकं पुसता पुसता तू म्हणालीस, "बरे आहेत." मी दारातच उभी होते. खोटं बोलले म्हणून एकदा तू माझ्या पाठीत धपाटा घातला होतास, आणि नाताळच्या दिवशी, गळ्यात क्रूस घालून, तू हे बोललीस. ते मी मनात धरून ठेवलं. तुझ्या शेवटच्या आजारपणात तुझे पाय दाबतानासुद्धा ते माझ्या मनात होतं. आता मला कुणी विचारलं, घरी कसे आहेत, तर मीही तेच सांगते. तरी तुझ्यावरचा राग पुरता जात नाही. हे असं का, ते मला कळत नाही.

यंदा चोवीस तारखेला दुपारी शेजारीण आली. तिचा नवरा लूमवर, कापड विणायच्या मागावर, कामाला आहे, पंधरा वर्षांचा शेजार. हातात झाकलेलं ताट. करंज्या आणि शंकरपाळे. म्हणाली, "ताई, यंदा तुमना घरमा तळण नही, म्हणीसन मी लई उनू." घरी तळण नाही म्हणून घेऊन आले, हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं की मला नाही म्हणवेना. मी ताट घेतलं आणि यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवलं. यांनी ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. हेही खानदेशातलेच. असं ताट कोणत्या घरी येतं, ते यांना सांगावं लागत नाही. यांनी डावा हात उचलला आणि ताट ढकलून दिलं. करंज्या खाटेखाली गेल्या.

मला आधी यांचाच राग आला. शेजारीण वाकून गोळा करायला लागली, मी तिला उठवत होते, माफी मागत होते. तेवढ्यात यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं. डोळे मिटलेले नव्हते. सताड उघडे होते आणि माझ्यावरच लागले होते. मला एकदम लख्ख दिसलं की माझा नवरा जिवंत आहे आणि मी त्याच्या देखत घरात सुतक धरून बसले आहे. तीन महिने मी यांना भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, आणि बाहेर मात्र हा माणूस गेला असंच सगळ्यांना सांगत राहिले. तोंडानं नाही, पण सांगितलंच.

शेजारणीला मी जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "संध्याकाळी या. माझ्या हातचं खायला या." ती मान डोलावून खाली गेली. मी घाईघाईनं पीठ भिजवलं. खोबरं कमी होतं, रवा जास्त पडला, पहिल्या चार करंज्या तेलातच फुटल्या. पिठाच्या हातानंच मंडळीत फोन केला की या, सातच्या सुमाराला या, आम्ही घरी आहोत.

आठनऊ जण आले. शेजारीण तिच्या नवऱ्याला घेऊन आली आणि दाराशी बसली. दरवर्षी गाणं तुझे जावईच धरायचे आणि ढोलकीही त्यांचीच. यंदा गाणं धरलं पोस्टात कारकून असलेल्या एका गृहस्थांनी. त्यांनी इतकं वरच्या पट्टीत धरलं की दुसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत थांबले. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. मी धावले. ठसका नव्हता, आई. हे हसत होते. अर्ध्या तोंडानं, वेडंवाकडं, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते कारकून आधी ओशाळले आणि मग तेही हसायला लागले, मग सगळेच.

आणि मला काय झालं, ते तुलाच सांगते. मला हेवा वाटला. तीन महिन्यांत माझ्याकडे बघून हे एकदाही हसले नव्हते, आणि कुणाचा आवाज फाटला तर हसले. हातात ताट घेऊन मी तशीच उभी राहिले. मग यांनी डावा हात खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला, एक, दोन, खालच्या पट्टीत घ्या म्हणून. लोकांनी गाणं पुन्हा धरलं. मी यांच्या पायाशी बसले, आणि बसल्या बसल्या माझ्या अंगातलं काहीतरी सैल झालं. तारणारा जन्मला, असं ते सगळे म्हणत होते, आमच्या त्या औषधांच्या वासाच्या खोलीत, आणि पहिल्यांदा मला वाटलं की हे शब्द माझं घर सोडून दुसरीकडे कुठे नाही, इथेच म्हणायचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याऐवजी टॉवेल आणला आणि यांनी डोळे मिटून घेतले. बदललं काहीच नाही. आता पाळकसाहेबांनी येत्या रविवारी मला चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्ष द्यायला सांगितलं आहे, दुःखात प्रभूनं आनंद कसा दिला ते चार शब्दांत सांगा म्हणाले. तेच लिहायला सकाळी बसले होते. एक ओळ लिहिली, खोडली, उठले, परत बसले, आणि हे पत्र झालं. आनंद आला होता, हे मी नाकारणार नाही. पण तो राहिला असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

रविवारी जमेल तेवढं खरं सांगेन. एक मात्र तिथे सांगणार नाही. सगळे दुसरं कडवं म्हणत होते तेव्हा मला ते आठवेना. मी नुसते ओठ हलवत होते.