एकोणीस मिनिटांनंतर

८ ऑक्टो., रवि. नांदेड
झालं एकदाचं. एकतीस सुईणींचे आवाज आता तीन ठिकाणी आहेत. लॅपटॉपवर, माझ्या कपाटातल्या डिस्कवर (ही ‘नां’) आणि लातूरला धाकट्या भावाकडे, वसंताकडे ठेवलेल्या डिस्कवर (ही ‘ला’). एकसष्टाव्या वर्षी सगळं स्वतः शिकून केलं. वर्तमानपत्रात तीस वर्षं पानं वेळेवर छपाईला सोडली, पण असं समाधान... असो.
वसंताचा फोन. “ताई, आता तरी जिवाला स्वस्थता हाय का?”
म्हटलं, तपासणी राहिली आहे. दर रविवारी एक चिठ्ठी काढायची आणि त्या बाईंचं बोलणं ‘नां’वरून शेवटपर्यंत ऐकायचं. मगच वहीत बरोबरची खूण.

१५ ऑक्टो., रवि.
पहिली चिठ्ठी उदगीरच्या बाईंची. पूर्ण. खूण केली. दिवसभर उगाच खुशीत.

२२ ऑक्टो., रवि.
चिठ्ठी: गंगाबाई, देगलूर. पडद्यावर एकेचाळीस मिनिटं दिसतात, आवाज एकोणिसाव्यालाच बंद. लॅपटॉपवरही तेच.
कारण दुपारपर्यंत सापडलं. ‘नां’ भरताना लाईट गेली, जुना कॉम्प्युटर बंद पडला. लाईट आल्यावर मी पुढच्या फायलीपासून सुरू केलं. लॅपटॉप नंतर ‘नां’वरूनच भरला. म्हणजे चूक दोन्हीकडे. रेकॉर्डर मीच पुसून टाकलेला. गंगाबाई जाऊन दोन वर्षं झाली.
‘ला’ मात्र त्याआधी, थेट रेकॉर्डरवरून भरली होती. आता काय ती तीच.
तुटलं कुठे? “बाई तेलंगणातली असली तर तेलुगूत बोलायचं, कानडी मुलखातली असली तर कानडीत. कळा येऊन राहिल्या की माहेरचीच बोली समजती. माझी सुशीला झाली तवा...”
बस्. पुढे शांतता.
तरी एक आहे. चिठ्ठ्यांची पद्धत माझी, आणि चूक तिनंच पकडली.

२३ ऑक्टो., सोम. खंडेनवमी
वसंता डाळमिलची यंत्रं दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, डिस्क जोडून बघ.
“ती पूजेत हाय ताई, पान्याशेजारी.”
“डिस्क? पूजेत?”
“तुझं हत्यारच की ते! समद्या हत्यारांना तेलाचा हात फिरवला, तिलाबी फिरवला. लई न्हाई, थोडंच.”
मागून वहिनी: “वन्सं, हळदीकुंकू मी वाहिलंय. आज न्हाई हलवायचं काही.”
बरं म्हटलं. रागावून तेल निघणार नव्हतं.

२४ ऑक्टो., मंगळ. दसरा. लातूर
सकाळच्या एसटीनं आले. डिस्कच्या खाचेत कुंकू. कोरड्या ब्रशनं काढलं, तेल पुसलं. जोडली. दिवा नाही. पुन्हा जोडली, नाही. वहिनीचा चेहरा रडवेला. वायर बदलली आणि दिवा लागला.
आधी गंगाबाईंची फाईल लॅपटॉपवर उतरवून घेतली, मग त्या प्रतीवरून लावली. तिघं बसलो. अठरा. एकोणीस.
“माझी सुशीला झाली तवा घरात कुणीच न्हवतं. माझी मीच सुईण.”
वसंतानं मांडीवर थाप मारली. “आयला! ताई, तुझं काम म्हंजे पक्कं काम!”
मी तिथेच थांबवलं. का ते नीट सांगता येत नाही. सुशीला देगलूरलाच असते. तिला फोन केला.
“आईनं हे मला कधीच सांगितलं न्हाई हो, बाई. पुढं काय म्हणली?”
“अजून ऐकलं नाही.”
“मी उद्या येते.”
‘ला’ एका डब्यात घालून वसंताकडेच ठेवली. पूजा करायची तर डब्याची, असं वहिनीशी ठरलं.

२५ ऑक्टो., बुध. नांदेड
‘ला’वरच्या फायलीचा आकार लिहून आणला होता, उतरवलेल्या प्रतीशी जुळतो. पण आकारावर किती भिस्त ठेवायची ते रविवारीच कळलं. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही, हा नियम माझाच. बावीस मिनिटं उरली आहेत, आणि सुशीलाची गाडी एकला येते. वेळ भरपूर आहे.
ऐकलं नाही. तिच्या जन्माची गोष्ट तिच्याआधी मी कशी ऐकू? टेबलाशी दुसरी खुर्ची ओढून ठेवली आहे. मध्येच तुटलं, तर दोघींना एकदमच कळेल.
वहीत गंगाबाईंच्या नावापुढची जागा कोरी.